तळाचा फेरफार

घरात मासे पाळणाऱ्या गृहस्थाच्या आयुष्यात, प्रथमोत्साहाचा भर ओसरल्यावर आणि आल्यागेल्याला माशांची नावे सांगून संपल्यावर, एक दिवस असा हटकून उगवतो, की त्या दिवशी त्याची दृष्टी माशांवरून ढळते आणि खाली तळाकडे जाते. मासे धडधाकट असतात, पाणी नितळ असते, पंपाचे बुडबुडे नेमाने वर येत असतात. परंतु तळाशी पसरलेली जी निळी-हिरवी रंगीत खडी दुकानात पाहताना त्याला प्रत्यक्ष सागरतळाची शोभा वाटली होती, तीच आता त्याला भडक, कळकट आणि आपल्या अभिरुचीस कमीपणा आणणारी वाटू लागते. घरगुती मत्स्यपालनातील बहुतेक अरिष्टांचा उगम या अधोदृष्टीत आहे, असे माझे बरेच दिवसांचे निरीक्षण आहे. मासा आजारी पडल्यामुळे जितक्या टाक्यांवर संकट ओढवले असेल, त्याहून अधिक टाक्यांवर ते मालकाला सौंदर्यदृष्टी प्राप्त झाल्यामुळे ओढवलेले आहे. मांजर ज्या गोणपाटावर निजते, ते पडद्यांच्या रंगाशी जुळत नाही म्हणून बदलल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. पोपटाच्या पिंजऱ्यात कोणते वर्तमानपत्र अंथरावे, याचा तर कोणी क्षणभरही विचार करीत नाही. माशाचे दुर्दैव असे, की त्याच्या घराच्या चारी भिंती काचेच्या असल्यामुळे त्याच्या अंथरुणावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा डोळा असतो.

पूर्वीचे मत्स्यपालक या बाबतीत अधिक सुज्ञ होते. शतपथ ब्राह्मणातील कथेप्रमाणे, हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात सापडलेला चिमुकला मासा मनूने प्रथम घड्यात ठेवला, तो वाढल्यावर खड्ड्यात ठेवला आणि खड्डाही अपुरा पडू लागल्यावर त्याला समुद्रात नेऊन सोडले. या संबंध हकिकतीत मनूने घड्याच्या तळाशी पांढरी गारगोटी पसरल्याचा कोठेही उल्लेख नाही. आणि पुढे जलप्रलयाच्या वेळी त्याच माशाने मनूची नौका ओढून सुखरूप ठिकाणी नेली, यावरून माशाच्या मनात आपल्या पालकाविषयी कसलाही आकस उरलेला नव्हता, हे उघड आहे. घरोघरच्या माशांवर आज असा प्रसंग आला, तर त्यांपैकी किती जण नौका ओढावयास पुढे येतील, याविषयी मला दाट शंका वाटते.

अर्वाचीन काळात हा उद्योग शास्त्रशुद्ध पायावर उभा करणाऱ्यांत लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नामक रसायनशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी येते. बारा गॅलनांच्या एका पात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती ठेवून, वनस्पतीने प्राणवायू द्यावा आणि माशांनी तो घ्यावा, असा उभयपक्षी करार त्याने घडवून आणला व १८५० साली त्याची साद्यंत हकिकत प्रसिद्ध केली. या करारात पहिले विघ्न कोणते आले, तर पाणी गढूळ झाले! वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि त्या कुजकेपणाने पात्रातील नितळपणा घालविला. वॉरिंग्टनने तेव्हा तळ्यातल्या काही गोगलगायी आणून त्यात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली, गोगलगायींची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी निवळले. गोगलगायींवर सोपविलेले काम सावकाश होते खरे, पण होते. मात्र त्यात मालकाला अस्तन्या सरसावण्याची संधी मिळत नाही, हा त्या उपायातील मोठाच दोष असल्यामुळे तो पुढे फारसा लोकप्रिय झाला नाही.

अस्तन्या सरसावणाऱ्या वर्गाचे प्रतिनिधी म्हणून मी आमच्या इमारतीतील भाऊसाहेबांकडे पाहतो. 'भाऊसाहेब' हे त्यांचे नाव नव्हे; महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होताना कचेरीतील हे संबोधन ते घरी घेऊन आले, इतकेच. सारी हयात सातबारा, जमाबंदी आणि आणेवारी यांत गेल्यामुळे, दिवाणखान्यातील दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी ती टाकी म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक स्वतंत्र तालुकाच होता. तालुक्याची लोकसंख्या दोन सोनमासे, एक गौरामी, पाच-सहा मॉली आणि सदैव काचेला तोंड लावून बसलेला एक सकर. शाळेच्या सहलीत त्यांनी मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. ते १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले गेले, ही माहिती टाकी पाहावयास येणाऱ्या प्रत्येकाला अशा स्वरात दिली जाई, की जणू त्या संस्थेची एक शाखा आपण पाहत आहोत. टाकीची एक नोंदवही होती. तीत पाणी बदलल्याच्या तारखा, खाद्याची आवक व खर्च आणि लोकसंख्येतील वाढघट यांच्या नोंदी लाल व निळ्या शाईत होत असत.

तळ बदलण्याची कल्पना भाऊसाहेबांच्या मनात शिरली ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात. दात काढून घेण्यापूर्वी रुग्णांना माशांच्या टाकीकडे पाहत बसविले असता त्यांची धास्ती पुष्कळच कमी होते, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९८४ साली प्रयोगान्ती दाखवून दिलेले आहे, आणि तेव्हापासून दंतवैद्याचा प्रतीक्षाकक्ष व माशांची टाकी यांची सांगड पक्की बसली आहे. भाऊसाहेबांचीही धास्ती कमी झाली. परंतु तिने रिकाम्या केलेल्या जागी दंतवैद्याच्या टाकीतील शुभ्र पांढऱ्या रेवेविषयी अनिवार आसक्ती येऊन बसली. दाढ तेथेच राहिली. रेव मात्र त्याच संध्याकाळी मंडईजवळच्या दुकानातून दहा किलो आली. दुकानदाराने “धुतलेली आहे, नुसती ओतायची,” असे जे आश्वासन दिले, ते 'जमीन बिनबोजा आहे' या विक्रेत्याच्या आश्वासनाइतकेच ग्राह्य धरावे, हे भाऊसाहेबांच्या अनुभवास खरे म्हणजे कळावयास हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रजेला बादलीत तात्पुरत्या छावणीत हलविण्यात आले आणि जुन्या खडीची जप्ती सुरू झाली. खडीच्या थराखाली तपकिरी गाळाचा दाट थर निघाला आणि एका कोपऱ्यात, जेथे हवेचा शिरकाव वर्षानुवर्षे झाला नव्हता तेथे, खडे उचलताच कुजक्या अंड्यांचा असा काही दर्प सुटला, की वहिनी स्वयंपाकघरातून पदर नाकाला लावूनच बाहेर आल्या. तो वायू हायड्रोजन सल्फाइडचा. हवा न मिळालेल्या गाळात तो निमूटपणे साठून राहतो आणि डिवचला तरच बाहेर येतो. “एवढा भ्रष्टाचार तळाशी दडलेला होता,” असे भाऊसाहेब अत्यंत समाधानाने उद्गारले, आणि खडी, गाळ, खडीखालची प्लॅस्टिकची जाळी यांबरोबरच त्यांनी फिल्टरचा स्पंजही नळाच्या धारेखाली धरून, ब्रशने घासून, अगदी नव्यासारखा करून टाकला. मग रेव धुण्यासाठी त्यांनी घरातील रोवळी ताब्यात घेतली. “अहो, उद्या तांदूळ मग काय बादलीत धुवायचे?” या वहिनींच्या हरकतीची नोंद घेण्यात आली नाही. अर्धी रेव रोवळीत राही, अर्धी मोरीत जाई, आणि मोरीतून जे पांढरे पाणी वाहे ते कितीही वेळा धुतले तरी पांढरेच वाहे. रेव धुण्याचा नियम सोपा आहे. धुवण नितळ येईपर्यंत ती धुवावी लागते. परंतु माणसाचा हात आणि दगडाची भुकटी यांच्या स्पर्धेत हात आधी थकतो, आणि हात थकला की बुद्धी त्याच्या मदतीस धावून येते. 'फार धुतली तर रेवेची झीज होईल', असा निर्णय जाहीर होऊन उरलेली भुकटी रेवेसह टाकीत ओतली गेली.

त्यानंतर टाकीत जे काही दिसले, त्याचे वर्णन नोंदवहीत पुढीलप्रमाणे आहे: 'पाणी अपारदर्शक. मासे दिसत नाहीत. असावेत.'

या पहिल्या प्रकारच्या गढूळपणात गूढ असे काही नसते. ती केवळ दगडाची धूळ, आणि धुळीने खाली बसावयाचे कधी, याचा हिशेब जॉर्ज स्टोक्स या केंब्रिजच्या गणितज्ञाने, वॉरिंग्टनच्या गोगलगायी पाने खात होत्या त्याच सुमारास, म्हणजे १८५१ साली, मांडून ठेवला आहे. कण निम्मा झाला की त्याचा बुडण्याचा वेग चौथाईवर येतो, हे त्या हिशेबाचे सार. वाळूचा खरखरीत कण फूटभर पाणी काही सेकंदांत उतरून मोकळा होतो. परंतु मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाएवढा मातीचा कण तेवढेच अंतर उतरावयास जवळजवळ अहोरात्र घेतो, आणि त्याच्या निम्म्या आकाराचा कण चार दिवस. तेही पाणी निश्चल असेल तर. येथे तर पंप चालू होता, मासे हिंडत होते आणि स्वतः भाऊसाहेब दर अर्ध्या तासाने 'पाहू या कितपत बसले' म्हणून पाण्यात पट्टी घालून ढवळून पाहत होते. पारदर्शकता मोजण्याची त्यांची एक पद्धतही होती: वहिनींनी टाकीच्या पलीकडे वर्तमानपत्र धरावयाचे आणि त्यांनी अलीकडून वाचावयाचे. १८६५ साली आंजेलो सेक्की या धर्मगुरूने पोपच्या नौकेवरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती दिसेनाशी कोठे होते हे पाहिले, आणि ती पद्धत आजतागायत जगभर चालू आहे. तथापि सेक्कीला तबकडी धरून उभे राहणाऱ्या व्यक्तीची बोलणी खावी लागत नव्हती, हा दोन्ही प्रयोगांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रच दिसले नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचे नाव वाचता आले. तिसऱ्या दिवशी ठळक मथळे वाचता येऊ लागले आणि नोंदवहीत 'परिस्थिती आटोक्यात' असा शेरा पडला.

आणि चौथ्या दिवशी सकाळी टाकीत तांदळाचे धुवण भरून ठेवावे तसे पाणी दिसू लागले.

हा दुसरा गढूळपणा पहिल्याचा भाऊबंद नव्हे, त्याचे गोत्रच वेगळे. धूळ करडी असते, वरून येते आणि खाली बसते. हा दुधाळ असतो, पाण्यातल्या पाण्यात उत्पन्न होतो आणि बसण्याचे नाव घेत नाही, कारण तो सजीव असतो. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकीत असतो, आणि अमोनिया हे त्याच्या दृष्टीने जहाल विष आहे. सुस्थापित टाकीत या विषाचा निकाल लावणारे सूक्ष्म जंतू असतात: पहिला वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात निरुपद्रवी असल्यामुळे, मालकाने अधूनमधून थोडे पाणी बदलले, की प्रकरण निकाली निघते. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिक येथे हे जंतू जगाच्या नजरेस आणले. खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर कागद सरकावा, तसा हा सगळा कारभार शांतपणे, विनातक्रार आणि कोणाच्याही दृष्टीस न पडता चालतो, आणि तो पाण्यात तरंगत चालत नाही. हे कारकून खडीच्या प्रत्येक खड्याला, गाळाच्या थराला आणि फिल्टरच्या स्पंजाला चिकटून बसलेले असतात. जो तपकिरी गाळ भाऊसाहेबांनी 'भ्रष्टाचार' म्हणून मोरीत ओतला, ती तालुक्याची मुलकी कचेरी होती. दप्तर, कारकून, शिपाई, पट्टेवाले, सगळे रोवळीच्या बाजूने वाहून गेले होते. आणि ज्यांनी स्पंजात आश्रय घेतला होता, त्यांना नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने गाठले होते.

कचेरी ओस पडली, की मोकळ्या जागेत पहिल्यांदा कोण येते, हे कोणत्याही कारभारी माणसाला सांगावे लागत नाही. ढवळलेल्या गाळातील सेंद्रिय अंश आणि उरलेसुरले खाद्य पाण्यात मोकळे झालेले असते. त्यावर पोसणारे दुसऱ्याच जातीचे जंतू, जे अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, ते झुंडीने वाढतात आणि पाणी दुधाळ करून टाकतात. अमोनियाचा निकाल लावणाऱ्या जुन्या, अनुभवी कारकुनांना मात्र दुप्पट व्हावयास दिवसाचा मोठा भाग लागतो, आणि नव्या कोऱ्या टाकीत त्यांचा पुरता अंमल बसावयास महिना-दीड महिना सहज जातो. गर्दी करणारे झपाट्याने जमतात आणि काम करणारे सवडीने रुजू होतात, हे भाऊसाहेबांना खात्यात असताना ठाऊक होते. टाकीच्या बाबतीत त्यांनी ते लक्षात घेतले नाही, एवढेच.

माशांचे यात काय झाले, हा प्रश्न आमच्या इमारतीत सर्वांत शेवटी उपस्थित झाला, म्हणून मीही तो येथवर लांबणीवर टाकला. वास्तविक नुसत्या गढूळ पाण्याचे माशाला फारसे सोयरसुतक नसते. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसात ओढे लाल होऊन वाहू लागले, की चढणीचे मासे त्याच लाल पाण्यातून प्रवाहाविरुद्ध उसळ्या मारीत वर चढतात. रोहू आणि कटला यांचा विणीचा हंगाम तर नदीला गढूळ पूर आल्याखेरीज सुरूच होत नाही. ज्याला आपण घाण पाणी म्हणतो, ते कित्येक माशांच्या दृष्टीने लग्नसराईचे पाणी असते. सोनमाशाचे पूर्वजही चीनमधल्या चिखलाच्या तळ्यांतले, नितळ काचेतले नव्हेत. अतिसूक्ष्म धूळ कल्ल्यांना टोचते, मासा दिवसभर अंग चोरून, पर आवळून एका कोपऱ्यात बसतो, खाद्याकडे पाहत नाही, अंगाचा रंग फिका पडतो. परंतु एवढ्याने तो सहसा दगावत नाही. खरा धोका दुधाळ पाण्यात वाढणाऱ्या जंतूंचा, तो असा, की ते पाण्यातील प्राणवायू फस्त करतात, आणि उन्हाळ्यात कोमट झालेल्या पाण्यात मुळातच तो कमी असतो. मग सोनमासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवेसाठी आ वासू लागतात. वहिनींना वाटले, की ते बिचारे भुकेले आहेत. गौरामी मात्र या सर्व काळात अत्यंत स्वस्थ होता. त्याच्या डोक्यात हवेतून थेट श्वास घेणारी वेगळी इंद्रियरचना असते. सरकारे आली आणि गेली तरी ज्यांचे काहीच अडत नाही, अशा मोजक्या अधिकाऱ्यांत त्याची गणना करावी लागेल.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसतच नाही. अमोनियाला रंग नसतो. अमोनियाने भरलेले पाणी स्फटिकासारखे नितळ असू शकते, त्यातून वर्तमानपत्राचा अग्रलेखच काय, पण जाहीर नोटिसादेखील वाचता येतात, आणि त्याच पाण्यात माशाचे कल्ले आतून पोळून लाल होत असतात. म्हणजे माणसाला ज्या गढूळपणाचा एवढा जाच होतो, तो माशाला फारसा होत नाही, आणि माशाला ज्याचा जाच होतो ते माणसाला दिसत नाही. तरीही उपाययोजना मात्र सगळी माणसाच्या डोळ्यांच्या सोयीने होते. पाण्याचा पीएच ७ असेल तर या अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. तोच ८ झाला, की २५ अंश तापमानाच्या पाण्यात तो पाच टक्क्यांवर जातो. टाकी अगदीच ओकीबोकी दिसते म्हणून वहिनींनी हर्णैच्या किनाऱ्यावरून आणलेले शंख आणि शिंपले त्याच सुमारास तीत मांडले. शिंपल्यांतला चुना हळूहळू पाण्यात उतरतो आणि पीएच वर ढकलतो. शोभेचा प्रत्येक जिन्नस माशांच्या विरुद्ध साक्ष देण्यास कसा हजर होतो, हे पाहून मला नेहमीच नवल वाटत आले आहे. त्या आठवड्यात नोंदवहीत लाल शाईने नोंद पडली: 'मॉली एक, मयत. वारसतपास चालू.' मॉली अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते, त्यामुळे वारसांची संख्या अनिश्चित होती.

यानंतर प्रकरण इमारतीच्या हाती गेले. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले वरच्या मजल्यावरचे अभियंते दाढीच्या पेटीतली तुरटीच घेऊन खाली आले. पाण्यातले सूक्ष्म कण सगळे ऋण विद्युत्‌भाराचे असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात आणि म्हणून खाली बसत नाहीत. तुरटीतले ॲल्युमिनियम त्यांचा हा वैरभाव मिटवते, मग ते गोळा होऊन तळाशी जातात, अख्ख्या शहराचे पाणी असेच निवळते, हे त्यांनी सप्रमाण सांगितले. ते खरेही होते. शहराच्या जलाशयात तुरटी टाकताना त्यात कोणाचे सोनमासे नसतात, आणि तुरटीने पाणी आम्ल होते, हे दोन मुद्दे तेवढे राहून गेले. भाऊसाहेबांनी तुरटी नाकारली. मात्र माशांच्या काळजीने नव्हे, तर महसुलाच्या हद्दीत पाणीपुरवठ्याने ढवळाढवळ करू नये, या तत्त्वावर.

शेजारच्या संस्कृतच्या निवृत्त मास्तरांनी निवळीच्या बीचा पुरस्कार केला. ही बी भांड्याच्या आतल्या बाजूस घासली, की गाळ तळाला बसतो, हे आपल्याकडे प्राचीन काळापासून ज्ञात आहे. निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितलेले आहे. त्याच निवळीचा चुरा गाळाला घेऊन स्वतःही तळाशी जातो, तसे ज्ञान अज्ञानाला नाहीसे करून स्वतःही लय पावते, हा दृष्टान्त शंकराचार्यांच्या नावावरील आत्मबोधात येतो. मास्तरांनी हे दोन्ही संदर्भ विस्ताराने विशद केले. परंतु निवळीची बी त्यांच्याजवळ नव्हती, दुकानातही मिळाली नाही. त्यामुळे मनूने ज्याने काही साधत नाही म्हणून बजावले होते, नेमके तेच, म्हणजे केवळ नामोच्चारण, भाऊसाहेबांच्या दिवाणखान्यात अर्धा तास चालले.

दुकानदाराने एक निळसर औषधाची बाटली आणि आणखी एक सकर दिला. 'सकर टाकी साफ ठेवतो' ही या व्यापारातील सर्वाधिक खपाची समजूत आहे. तो काचेवरचे शेवाळ थोडेफार खरवडतो हे खरे, परंतु जे खातो त्याच्या मानाने बाहेर टाकतो तेही थोडके नसते, आणि तो वाढतच जातो. अशा वाढून बसलेल्या आणि टाकीतून कंटाळून बाहेर सोडून दिलेल्या सकरांनी आता उजनी जलाशयातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत उच्छाद मांडला आहे. दोन सकर झाल्यावर टाकीच्या दोन काचा अडल्या आणि अमोनियाच्या आवकेत वाढ झाली. पाणी निवळेना, तेव्हा भाऊसाहेबांनी ते सगळेच्या सगळे बदलले, आणि पुन्हा दुधाळ झाल्यावर पुन्हा बदलले. प्रत्येक वेळी नळाचे ताजे पाणी नुकत्याच रुजू होऊ लागलेल्या कारकुनांना क्लोरिनने हद्दपार करी आणि प्रकरण पहिल्या टेबलावर परत येई. शिवाय मासे मलूल दिसतात म्हणून भाऊसाहेब सकाळी एक चिमूट खाद्य जास्त टाकीत, वहिनी दुपारी त्यांच्या नकळत एक चिमूट टाकीत, आणि संध्याकाळी शाळेतून आलेला नातू, आजी-आजोबा दोघांच्याही नकळत, मूठभर टाकी. न खाल्लेले ते सगळे खाद्य जंतूंच्या पंगतीला लागे.

योग्य सल्ला एकानेच दिला, आणि नेमका तोच द्वितीय वर्षाचा विद्यार्थी निघाला. समोरच्या बिऱ्हाडातला हा मुलगा सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. त्याने टाकी पाहून सांगितले, “आजोबा, काही करू नका. हवेचा पंप चालू ठेवा, खाणं बंद करा, मासे आठवडाभर सहज उपाशी राहतात. पाणी बदलायचंच तर चौथाईच बदला, तेही क्लोरिन काढून. पुढच्या वेळी जुनी खडी थोडी ठेवा आणि स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा.” इतका स्वस्त सल्ला कोणी गांभीर्याने घेईल, ही अपेक्षाच चुकीची होती. 'काही करू नका' हे वाक्य भाऊसाहेबांनी नोकरीत असताना हजारो अर्जदारांना निरनिराळ्या शब्दांत ऐकविलेले होते. स्वतः अर्जदार झाल्यावर ते ऐकून घेणे त्यांना जड गेले, यात अस्वाभाविक काही नाही. “अजून परीक्षा व्हायची आहे त्याची,” असे म्हणून त्यांनी तो विषय तहकूब केला.

पुढे कोल्हापूरला नात्यात लग्न निघाले. सगळे कुटुंब आठवडाभर बाहेरगावी जाणार, म्हणून टाकीचा प्रभारी कार्यभार त्याच मुलाकडे सोपविण्यात आला. किल्लीबरोबर त्याला तीन कलमी लेखी हुकूम मिळाला: सकाळ-संध्याकाळ एकेक चिमूट खाद्य, एक दिवसाआड पाणीबदल आणि निळ्या औषधाचे दहा थेंब. खाद्याचे नवे सीलबंद पाकीट, औषधाची बाटली आणि बादली रीतसर मोजून ताब्यात देण्यात आली.

लग्नाहून परत आल्यावर भाऊसाहेबांनी चपला काढण्यापूर्वी टाकी पाहिली. पाणी आरशासारखे नितळ होते, दोन्ही सकर आपापल्या काचा सोडून रेवेवर हिंडत होते, सोनमासे पर पसरून मध्यभागी संथपणे फिरत होते, आणि वहिनींनी पलीकडे वर्तमानपत्र धरताच न्यायालयीन जाहिरातींतील बारीक अक्षरसुद्धा वाचता आले. बातमी पसरल्यावर अर्ध्या तासात दिवाणखाना भरला. अभियंत्यांनी, आपण नकार मिळूनही जाता जाता तुरटीचा एक खडा पाण्यात फिरविला होता, असा गौप्यस्फोट केला. मास्तरांनी शास्त्रवचनांच्या सामर्थ्याकडे अंगुलिनिर्देश केला. दुकानदाराला फोन लावला असता त्याने आपल्या औषधाचा गुण आठव्या दिवशीच येतो असे सांगितले, आणि पाहुणचार म्हणून आणखी एक सकर देऊ केला.

तेवढ्यात वहिनींच्या हाती खाद्याचे पाकीट लागले. ते जसेच्या तसे सीलबंद होते. बाटलीवरची खूण हललेली नव्हती. बादली तर कोरडी ठणठणीत होती.

मुलाकडून तत्काळ लेखी कैफियत मागविण्यात आली. त्याने वहीच्या अर्ध्या कागदावर, हुकमाच्या प्रत्येक कलमाला धरून तीन ओळींत तीच ती तीन उत्तरे लिहून दिली: 'कलम १ बाबत काही केले नाही. कलम २ बाबत काही केले नाही. कलम ३ बाबत काही केले नाही.' भाऊसाहेबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, टाकीकडे पाहिले, जमलेल्या तज्ज्ञांकडे पाहिले, आणि मग कागदाच्या डाव्या समासात, निवृत्तीनंतर प्रथमच इतक्या झोकदार हस्ताक्षरात, शेरा मारला: 'पाहिले. दप्तरी दाखल.'